हुसेनभाऊंचा बावीस नंबर

हुसेनभाऊ माणसाला रामराम करायच्या आधी मार्क द्यायचे.

मी चामोर्शीच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी खिडकीशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. हाताला रॉकेलचा वास, खांद्यावर दुपट्टा, कानाच्या पाळीमागे पेन्सिल. मी म्हटलं, "बोला, काय पाहिजे?" त्यांनी डोळे मिटले, मान जरा तिरपी केली आणि म्हणाले, "चार-तीन."

मी चार पाकिटं आणि तीन कार्डं मोजून समोर ठेवली.

"हे नाई जी," ते म्हणाले. "तुमचा आवाज. पाचापैकी चार समजते, पर नऊपैकी तीनच जोर हाय. खिडकीच्या बाहेर कोनाले ऐकू नाई येत. पोस्टमास्तरानं असं बोलून कसं चालन?"

पुढे कळलं, हा मान गावात प्रत्येकाला मिळालेला आहे. हुसेनभाऊ लढाईच्या काळात पलटणीत सिग्नलवाले होते. बर्माच्या जंगलात बिनतारी यंत्रापाशी बसून कट्ट-कडकट्टच्या भाषेत निरोप घ्यायचे आणि द्यायचे. तिथे म्हणे समोरच्याला आधी सांगावं लागतं, तुझं बोलणं किती समजतं आणि किती जोरात येतं. पलटण सुटली, गावी येऊन त्यांनी गॅसबत्त्या, घड्याळं आणि सायकली दुरुस्तीचं दुकान काढलं, पण मार्कांची सवय काही सुटली नाही. आमदारकीला उभे राहिलेले एक वकील बाजारात तासभर बोलले. हुसेनभाऊंनी निकाल दिला, "एक-नऊ. जोर गजब, समजलं कायबी नाई." झाडीपट्टीच्या नाटकाला त्यांच्याच गॅसबत्त्या भाड्यानं जायच्या. मंचाच्या कडेला बत्तीत हवा भरता भरता ते राजाला, प्रधानाला, विदूषकाला मार्क देत. शेजारच्या घरी मूल झालं, तर बाहेरूनच रडणं ऐकून म्हणाले, "आत्ता एक-नऊ हाय. पर सुधारन."

धानगिरणीचे मालक मारोतराव हे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांना मात्र पूर्ण मार्क होते. "पाच-नऊ," हुसेनभाऊ म्हणत. "पर बंद कराचं बटनच नाई."

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे खरा, पण त्या माणसानं आमच्या गावाचं नाव कुठे नेऊन ठेवलं ते सांगायला बसलो आहे.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. एके दिवशी हुसेनभाऊ वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला तुकडा घेऊन खिडकीशी आले. नागपूरहून आलेल्या बत्तीच्या काचा त्यात गुंडाळलेल्या होत्या. त्यात छापलं होतं, की परीक्षा दिली तर सरकार साध्या नागरिकालाही बिनतारी यंत्र चालवायचा परवाना देतं. धंद्यासाठी नव्हे, नुसत्या हौसेसाठी.

"मास्तर, इंग्रजीत अर्ज लिहून द्या," ते म्हणाले. आणि कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली.

अर्ज गेला आणि काही महिन्यांनी चौकशीला हवालदार आला. त्यानं हुसेनभाऊंना माझ्याच टेबलाशी बसवलं.

"हे यंत्र घेऊन तुमी कोनाशी बोलनार?"

"जो ऐकन त्याच्याशी."

"काय बोलनार?"

"माहा आवाज कसा येते, ते इचारनार."

"मंग?"

"तो सांगन, बरा येते."

"मंग?"

"मंग मी सांगन, तुमचा बी बरा येते."

हवालदार बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग त्यानं कागदावर लिहिलं, 'मनुष्य निरुपद्रवी आहे.' आणि निघून गेला.

मारोतरावांना 'हौशी' या शब्दाचा भारी राग. "हौशी म्हंजे काय? नाटक कंपनी काढता का?" पण हुसेनभाऊ नागपूरला जाऊन परीक्षा देऊन आले. परीक्षकानं कट्ट-कट्ट वाजवलं, यांनी ते कागदावर उतरवलं. सगळं बरोबर आलं. उठताना यांना राहवेना. परीक्षकाला म्हणाले, "साहेब, तुमाले पाच-नऊ." साहेब हसून म्हणाले, एवढी वर्षं परीक्षा घेतो आहे, पास मात्र आजच झालो.

परवाना आला तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. दिल्लीचा लांब लिफाफा, लाखेचा शिक्का. आमच्याकडे पोस्टमन होता, पण मी टोपी घातली आणि लिफाफा घेऊन स्वतः चालत गेलो. हुसेनभाऊ सायकलचं चाक फिरवून पाहत होते. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. परवान्यावर त्यांना सरकारनं दिलेली इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा होता. ती हवेत फक्त त्यांची ओळख. जगात दुसऱ्या कोणाची नाही.

"बापानं एक नाव देल्लं होतं," ते म्हणाले, "आता देशानं एक देल्लं जी."

आता यंत्र घ्यायचं होतं, आणि इथून खरी गंमत सुरू झाली.

हुसेनभाऊ रेडिओ घेणार, ही बातमी बाजाराच्या दिवशी फुटली. तेव्हा अख्ख्या चामोर्शीत एकही रेडिओ नव्हता. विजेचा पत्ता नव्हता. गिरणीच्या इंजिनावर मारोतरावांनी वीज तयार करायचं यंत्र बसवलं होतं, त्यावर गिरणीत चार दिवे लागत, तेवढाच काय तो उजेड. त्यामुळे प्रत्येकाला वाटलं, रेडिओ आपल्याच घरी येतो आहे. कोणी म्हणे भजनं लागली पाहिजेत, कोणी म्हणे बाजारभाव, कोणी म्हणे सिनेमाची गाणी. मारोतराव स्वतः दुकानावर आले.

"हुसेनभाऊ, मी गिरनीवरून तुमच्या दुकानापर्यंत तार टाकून देतो. लाईटची फिकीर करू नका. पर रेडिओ असा आना, का गानं वाजलं तं अख्ख्या बाजारात ऐकू आलं पायजे."

ही साधी गोष्ट नव्हती. मारोतराव कोणाला फुकट काही देत नसत. हुसेनभाऊ त्यांना "पाहू जी" म्हणाले आणि मला म्हणाले, "मास्तर, रविवारी चांद्याले चला. माहं डोकं ठिकानावर नाई राहात मशीन पाहून."

वैनगंगा डोंग्यातून ओलांडली, पुढे मूल गाव, तिथून छोटी रेल्वेगाडी. चांद्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथल्या एका कोळसाखाणीवरचे इंजिनीअर साहेब मायदेशी परत चालले होते, ते आपला रेडिओ विकणार असं कळलं होतं. दुसरं यंत्र जटपुरा दरवाजाच्या आतल्या एका कबाड्याकडे होतं. दोन्ही हुसेनभाऊंच्या ऐपतीत बसणारी होती, त्यामुळे प्रश्न पैशाचा नव्हता.

साहेबांचा रेडिओ पाहून मी खरं सांगतो, वेडा झालो. टेबलभर रुंद काळी पेटी, मधोमध अर्धचंद्रासारखी उजळलेली काच, मुलायम फिरणाऱ्या चकत्या. साहेबांनी एक चकती फिरवली, गाणं लागलं. दुसरी फिरवली, लंडनच्या बातम्या. खोलीतल्या खिडक्या थरारल्या. मला डोळ्यापुढे चामोर्शीचा बाजार दिसायला लागला.

हुसेनभाऊ म्हणाले, "साहेब, जिथी कोनीच बोलत नाई, तिथी लावा."

साहेबांना मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चमकून हुसेनभाऊंकडे पाहिलं, मग हसून चकती एका रिकाम्या जागी आणली. हुसेनभाऊ डोळे मिटून ती शांतता ऐकत राहिले. देवळात माणूस उभा राहतो तसे.

"काय चुप राह्यते जी," ते हळूच म्हणाले. "गानं तर कोनताबी डब्बा वाजवते. असं चुप राहनं लय कठीन हाय. मुंगी चालली तरी ऐकू येईन."

मला वाटलं, ठरलं. मी तर तो बैलगाडीवर कसा बांधायचा याचाही विचार केला. तेवढ्यात ते पेटीच्या मागे गेले, वाकून पाहिलं आणि विचारलं, "याच्यातून बोलता येते का?"

साहेब म्हणाले, नाही, हा फक्त ऐकतो. बोलायचं दुसरं यंत्र लागतं, ते तुम्हाला बनवावं लागेल, वर्ष-दोन वर्षं लागतील.

हुसेनभाऊंनी त्या पेटीवरून एकदा हात फिरवला, साहेबांना पलटणीतला सलाम केला आणि बाहेर आले.

कबाड्याकडचं यंत्र म्हणजे, काय सांगू, हिरव्या रंगाचा पत्र्याचा पेटारा. एका कोपऱ्याला पोचा आलेला, रंग उडालेला, वर उंदरांनी संसार केलेला. लढाई संपल्यावर लष्करानं विकलेल्या मालातला. हुसेनभाऊ उकिडवे बसले, दुपट्ट्यानं धूळ पुसली आणि एकदम ओरडले, "अरे, हा तं बावीस नंबर!"

पलटणीत त्या यंत्राचं नावच ते. ऐकणं आणि बोलणं एकाच पेटीत. लॉरीच्या बॅटरीवर चालतं, विजेची गरज नाही. त्यांनी कबाड्याकडून बॅटरी मागवली, तारा जोडल्या. पेटारा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणू लागला. हेडफोन कानाला लावून ते अर्धा तास बसले. मग मला लावून दिला. मला खरखर आणि दूरवर कुठेतरी टिट-टिट ऐकू आलं.

"गाणं?" मी विचारलं.

"याच्यावर गानं लागत नाई. गान्याचे स्टेशन याच्या पट्टीत बसतच नाई."

मी त्यांना बाजूला घेतलं. "हुसेनभाऊ, विचार करा. मारोतराव तार टाकून देतात. सगळं गाव वाट पाहतं आहे. हा डबा घेऊन गेलात तर लोक तोंडात शेण घालतील."

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, रेडिओ ऐकाचं लायसन तं तुमीच पोस्टाच्या खिडकीतून देता. मागन त्याले देता. माह्या लायसनवर दिल्लीचा शिक्का हाय, तो बोलाचा हाय. आन तुमी म्हनता, बोलाचं लायसन घेऊन मी ऐकत बसू?"

मी पेटाऱ्याची एक बाजू धरली.

परतताना डोंग्यात त्यांनी तो मांडीवर घेतला. डोंगेवाला म्हणाला, "खाली ठेवा ना जी, जड हाय." हुसेनभाऊ म्हणाले, "राहू दे बा. बर्मापासून मानसाच्या पाठीवर आला असंन हा. लय दगदग झाली त्याची."

गावात काय झालं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. दुकानापुढे गर्दी. मारोतराव पुढे.

"गानं?"

"नाई जी."

"बातम्या?"

"नाई."

"मंग वाजते काय याच्यात?"

"कट्ट-कट्ट."

"ते तं माही गिरनी बी करते!" मारोतराव म्हणाले. लोक हसले. जाताना मारोतरावांनी बजावलं, "तार तं राहिलीच. आन बॅटरीत करंट भराले माह्या गिरनीवर येऊ नका."

तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी हुसेनभाऊ बॅटरी पोत्यात गुंडाळून प्रवासी मोटारीच्या टपावर टाकत आणि गडचिरोलीला जाऊन भरून आणत. घरामागच्या चिंचेपासून समोरच्या ताडापर्यंत त्यांनी एक लांब तार ओढली. तिचं खालचं टोक परसात उतरत होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कौसाबाईंनी त्यावर लुगडं वाळत घातलं. हुसेनभाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, लुगडं काढा. हैदराबाद येऊन राह्यलं होतं, लुगड्यात अडकलं."

पहाटे नमाज झाला की ते यंत्रापाशी बसत, आपली अक्षरं वाजवत, 'कोणी आहे का?' विचारत आणि थांबत. उत्तर येत नसे. एक महिना झाला, दोन झाले. त्या दोन महिन्यांत त्यांनी गावात कोणालाही मार्क दिले नाहीत. मी एकदा मुद्दाम मोठ्यानं "काय हुसेनभाऊ!" म्हटलं, तर नुसती मान हलवली. बाजारात लोक कट्ट-कट्ट करून चिडवत. मला वाईट वाटायचं आणि, लपवून कशाला ठेवू, साहेबांचा तो काळा रेडिओही आठवायचा.

आणि एका सकाळी मी पोस्टाचं दार उघडतो आहे तोच हुसेनभाऊ धावत आले. पायात वहाण नाही, दुपट्टा जमिनीवर लोळतो आहे.

"मास्तर! ऐकलं! हैदराबादनं आपल्याले ऐकलं!"

"कोणी?"

"रेल्वेतला रिटायर तारबाबू हाय. मास्तर, त्यानं मले मार्क देल्ले!"

दहा वर्षं हा माणूस अख्ख्या गावाला मार्क देत आला होता. त्याला कोणी दिलेच नव्हते. "किती?" मी विचारलं.

"पाच-सात," ते म्हणाले आणि पोस्टाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

पंधरा दिवसांनी त्या तारबाबूंचं कार्ड आलं. या मंडळींत रीत असते, एकमेकांशी बोलणं झालं की पुराव्याला कार्ड पाठवायचं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, चामोर्शीचा आवाज हैदराबादेत स्पष्ट ऐकला. खाली तारीख, वेळ, सही. मी आमच्या पोस्टाचा शिक्का त्यावर इतक्या निगुतीनं मारला, की तसा आयुष्यात पुन्हा मारला नाही. बाजाराचा दिवस होता. मी बाकावर उभा राहिलो आणि ते कार्ड मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. माझा आवाज त्या दिवशी खिडकीच्या पार पलीकडे गेला.

मारोतरावांनी धोतराला हात पुसून कार्ड घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. गावाचं नाव लिहिलेली जागा बोटानं दाखवायला लावली.

"चामोर्शी. म्हंजे आपलं चामोर्शी?"

"आपलंच."

"हैदराबादच्या मानसाच्या कागदात आपलं नाव लिहून हाय?"

"आहे."

मारोतराव कार्ड हातात धरूनच मागे वळले. मग आपल्या गड्याला म्हणाले, "जा बे, हुसेनभाऊची बॅटरी गिरनीवर घेऊन ये." ते कार्ड पुढे आठ दिवस गिरणीत गल्ल्याच्या वर लावलेलं होतं. धान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मारोतराव ते दाखवत, आणि सांगायला विसरत नसत, की यंत्र आमच्या गिरणीच्या करंटवर चालतं.

पुढे कार्डं येत राहिली. मुंबई, मद्रास, कोलंबो. एकदा एक कार्ड आलं तेव्हा दुपार होती आणि दुकान बंद होतं, म्हणून मी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो.

घरी ते आणि त्यांची बायको फातिमाबी, दोघंच. मूलबाळ नाही. हुसेनभाऊ बर्मात असताना फातिमाबींना मोठा ताप आला आणि त्यात ऐकणं कायमचं गेलं. बोलता येत होतं, पण आपला आवाज केवढा निघतो तेच कळेना. एकदा बाजारात काही विचारलं, ते इतक्या जोरात गेलं, की लोक वळून हसले. तेव्हापासून घराबाहेर त्यांनी तोंड उघडलं नाही. मला गावात येऊन तीन वर्षं झाली होती, मी त्यांचा शब्द ऐकलेला नव्हता.

दार उघडं होतं. आत बावीस नंबर गुणगुणत होता. पण यंत्रापुढे हुसेनभाऊ नव्हते, फातिमाबी होत्या. हेडफोन टेबलावर उताणा ठेवलेला, त्याचं झाकण काढलेलं. आतल्या थरथरणाऱ्या पातळ पत्र्यावर त्यांनी एक बोट टेकलं होतं. डोळे मिटलेले. ओठ जरा जरा हलत होते. हुसेनभाऊ शेजारी स्टुलावर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

मला पाहून ते उठून दाराशी आले.

"हैदराबादचे तारबाबू हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "इंग्रजी अक्षरात आपली हिंदी बोलते. हिले कळते."

"हे यांना कोणी शिकवलं?"

"मीच. पलटनीतून घरी आलो, तं हिले कायबी ऐकू नाई ये. दोन साल इशाऱ्यानं चाललं. मंग मी हिच्या मनगटावर बोटानं वाजवाले लागलो. एक एक अक्षर. आता सगळं बोलतो आमी." ते थांबले. आत वळून पाहिलं. "पर मास्तर, एवढ्या सालात हिच्याशी बोलनारा मी एकटाच. सकाळी मी, दुपारी मी, जेवताना मी. माहंच माहंच किती ऐकन ते? दुनियेत आनखी बी लोक हाय ना. म्हनून म्हनलं, हिले कोनीतरी दुसरं भेटलं पायजे."

हातातलं कार्ड तसंच हातात राहिलं.

तेवढ्यात आत फातिमाबी हसल्या. आणि बोलल्या. आवाज आधी फार उंच निघाला, मग खाली आला, ओबडधोबड, पण शब्द न शब्द कळला.

"अजी, त्यायच्या मांजरीले चार पिल्लं झाले म्हनते!"

हुसेनभाऊ धावत आत गेले. एक हात यंत्राच्या निरोप वाजवायच्या चावीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं बायकोच्या मनगटावर टकटक केली. काय विचारू, असंच विचारलं असणार.

फातिमाबींनी बोट पुन्हा पत्र्यावर टेकलं.

"रंग इचारा," त्या म्हणाल्या. "चारीचे."